ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीत लपलेला ग्रह शोधायचाय? मग आधी धूळ नीट बघा

ग्रह दिसणारच नाही असं धरूनच सुरुवात करा. ताऱ्याच्या झगमगाटात तो बुडालेला असतो, पण धूळ लांबवर पसरलेली असते आणि ग्रहाच्या ओढीने तिचं काय झालंय ते तिच्या आकारात दिसतं. ही धूळ आधीपासूनची उरलेली नसते बरं का, बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबाने बाहेर फेकले जातात किंवा हळूहळू आत सरकत जातात, म्हणजे कोट्यवधी वर्षांनंतरही धूळ दिसतेय तर तिथे दगडधोंडे अजून एकमेकांवर आदळतायत.

तारा निवडायचा कसा, तर इन्फ्रारेडमधून (डोळ्यांना न दिसणारा, उबेचा प्रकाश). कोमट धूळ तिथे चमकते, १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने अभिजितभोवती हीच जादा चमक पकडली होती. घरबसल्या करायचं तर वाईज या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीचा कॅटलॉग ऑनलाइन फुकट आहे, त्यात ३.४ आणि २२ मायक्रॉनच्या (ही प्रकाशलहरींची लांबी) मॅग्निट्यूडमधला (ठळकपणाचा आकडा, जितका लहान तितका तारा ठळक) फरक काढा. नुसत्या साध्या ताऱ्याचा फरक शून्याच्या आसपास येतो, २२ ला तारा चांगलाच जास्त ठळक निघाला तर तो लिस्टमध्ये घ्या. पण २२ मायक्रॉनला वाईजला १२ आर्कसेकंदांपेक्षा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक काही वेगळं दिसत नाही, तेवढ्या जागेत मागची एखादी गॅलेक्सी सहज मावते, त्यामुळे अलादिन या आकाशाच्या ऑनलाइन नकाशात तोच तुकडा दुसऱ्या सर्व्हेच्या फोटोत उघडून बघाच.

आता खरं काम. हबल आणि जेम्स वेबचे फोटो मास्ट या ऑनलाइन आर्काइव्हमध्ये आहेत, अल्माचं (चिलीतल्या रेडिओ दुर्बिणी) आर्काइव्ह वेगळं. चकती कुठे वाकलीय का, कड्याचा मध्य ताऱ्यापासून सरकलाय का, मध्ये फट आहे का, आतली कड एकदम तुटल्यासारखी आहे का, हे शोधायचं. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वाक, आणि त्यासाठी बीटा पिक्टोरिस हा तारा बघा (अगस्तीच्या जवळच आहे, हिवाळ्यात आपल्याकडून दक्षिणेला खाली दिसतो). ६३ प्रकाशवर्षं लांब, चकतीचा फोटो १९८४ चा, आपल्याला ती कडेने दिसते, आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा थोडा तिरका. १९९७ मध्येच हिशोब मांडला गेला की तिरक्या कक्षेतला एक जड ग्रह असेल तर हे जमतं. २००३ च्या व्हीएलटीच्या (चिलीतली मोठी दुर्बीण) फोटोंत एक ठिपका सापडला, २००९ च्या फोटोंत तोच ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेला दिसला, तेव्हा कुठे नक्की झालं.

हा दुसऱ्या तारखेचा फोटो कधीच सोडू नका. मागचा तारा असेल तर तो आपल्या ताऱ्यासोबत आकाशात सरकणार नाही, ग्रह असेल तर सरकेल आणि शिवाय ताऱ्याभोवती फिरेलही.

फोमलहॉट या ताऱ्याचं कडंही ताऱ्यापासून बाजूला सरकलेलं आहे, २००८ मध्ये हबलने तिथे ठिपका दाखवला, तेव्हा तो ग्रहच वाटला. पण इन्फ्रारेडमध्ये तो कधी दिसलाच नाही, मग फिका पडत पसरत गेला आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला की बहुतेक टकरीतून उडालेला धुळीचा ढग होता. म्हणून ठिपका सापडला की तो इन्फ्रारेडमध्ये तपासा, ग्रहाला स्वतःची ऊब असते.

फटीबद्दल जरा सावध राहा, चकतीत गॅस उरला असेल तर ग्रह नसतानाही कडी तयार होऊ शकतात. तरी फट सोडायची नाही, २०२५ मध्ये जेम्स वेबला टीडब्ल्यूए ७ या ताऱ्याभोवतीच्या कड्यांच्या फटीतच साधारण शनीच्या वजनाचा ग्रह मिळाला. काहीच नाही मिळालं तर किती वजनाचा ग्रह असता तर तुमच्या फोटोत दिसलाच असता तो आकडा काढून ठेवा, पुढच्या माणसाला तिथूनच पुढे जाता येतं.