विंडोजची स्वतःची टूल्स गुपचूप नेटवर जातायत का, हे कसं पकडायचं

सातपूर-अंबडमधल्या छोट्या वर्कशॉपचे, कॉलेज रोडच्या सीए ऑफिसचे किंवा लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांचे पीसी जे सांभाळतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा ठिकाणी वेगळी सिक्युरिटी टीम नसते, जो टॅली टाकून देतो, प्रिंटर जोडून देतो त्यालाच सगळं बघावं लागतं, आणि नेमकं तिथंच कोटेशन, परचेस ऑर्डर, जीएसटी नोटीस अशा नावाच्या फाइली रोज मेलवर येतात, त्या उघडल्याशिवाय कामच पुढं सरकत नाही, त्यामुळं "अनोळखी फाइल उघडू नका" एवढं सांगून भागत नाही.

होतं काय, की फाइल उघडली की ती विंडोजमध्ये आधीपासून असलेलं एखादं टूल चालू करते. सर्टयुटिल हे सर्टिफिकेट सांभाळायचं टूल आहे, पण त्याला यूआरएल दिली की ते फाइल डाउनलोड करून देतं. एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२, रनडीएलएल३२, डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल या स्क्रिप्ट किंवा डीएलएल फाइली चालवणाऱ्या टूल्सचाही असाच गैरवापर होतो. लोलबास नावाच्या प्रोजेक्टमध्ये अशा टूल्सची मोठी यादी आहे, ती एकदा वाचाच. या सगळ्यांवर मायक्रोसॉफ्टची सही असते, म्हणून नुसती फाइल खरी आहे का बघून काही कळत नाही. बघायचं ते हे, की या टूलला या पीसीवरून नेटवर जायचं कारण काय, त्याला चालू कुणी केलं, आणि ते गेलं कुठं.

आत्ता या क्षणी काय चाललंय ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नेटस्टॅट लिहून, स्पेस देऊन, डॅश लावून ए बी एन ओ ही इंग्रजी अक्षरं सलग टाका, म्हणजे कनेक्शनसोबत प्रोग्रॅमचं नाव आणि पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा नंबर, पण दिसेल. कमांड नको वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टचंच टीसीपीव्ह्यू फुकट आहे, त्यात तेच जास्त सोपं दिसतं. पण सर्टयुटिल दोन सेकंदात फाइल ओढून बंद होतं, तुम्ही स्क्रीनसमोर येईपर्यंत काही उरलेलं नसतं, म्हणून नोंद ठेवणारं काहीतरी पाहिजेच.

त्यासाठी सिसमॉन टाका, ते पीसीवर कुठला प्रोग्रॅम काय करतो ते लॉगमध्ये लिहून ठेवतं. हेही मायक्रोसॉफ्टचं, फुकट. मात्र नुसतं इन्स्टॉल केलं तर ते नेटवर्क कनेक्शन नोंदवतच नाही, ते कॉन्फिग फाइलमधून, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमधून, चालू करावं लागतं, आणि तिथं सगळ्या प्रोग्रॅमची नोंद न मागता फक्त वरच्या टूल्सची मागा, नाहीतर ब्राउझरच्या गर्दीनं लॉग भरून जुनं पुसलं जातं. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिसमॉनच्या ऑपरेशनल लॉगमध्ये इव्हेंट ३ म्हणजे कनेक्शन, इव्हेंट २२ म्हणजे डीएनएस चौकशी (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी विचारणं), आणि इव्हेंट १ म्हणजे प्रोसेस चालू झाली. इव्हेंट ३ मध्ये आयपी, पोर्ट, युजर मिळतो पण कुणी चालू केलं ते मिळत नाही, त्यासाठी त्यातला प्रोसेस जीयूआयडी (त्या चालू प्रोग्रॅमची सिसमॉननं दिलेली ओळख) कॉपी करून तोच इव्हेंट १ मध्ये शोधा, तिथं पूर्ण कमांड लाइन आणि पॅरेंट, म्हणजे त्याला चालू करणारा प्रोग्रॅम, दोन्ही असतं. माझ्या मते खरी पकड इथंच आहे. एक्सेल किंवा वर्डनं पॉवरशेल चालू केलं आणि त्यानं बाहेरचा पत्ता गाठला, तर पुढं वाद घालायचा नाही, थेट पीसी नेटपासून तोडायचा.

इव्हेंट १ मध्ये मूळ फाइलनावाचा पण रकाना असतो, तोही बघत जा. कुणी सर्टयुटिलची कॉपी करून तिला भलतंच नाव दिलं तरी तिथं खरं नाव दिसतं.

आता पोर्ट ४४३ (नेहमीच्या सुरक्षित वेबसाइटचा) आहे किंवा आयपी मायक्रोसॉफ्टचा निघाला म्हणून लगेच सोडून देऊ नका, क्लाउडवर जागा भाड्यानं कुणीही घेऊ शकतं. उलट रनडीएलएल३२ ऑफिसातल्या नेटवर्क प्रिंटरशी पोर्ट ९१०० वर बोलत असेल तर ते छपाईचं कामही असू शकतं. पण तेच टूल पोर्ट ४४५ वर (फाइल शेअरिंगचा) दुसऱ्या पीसीकडं जात असेल तर आतल्या आत पसरायचा प्रयत्न असू शकतो, म्हणून १९२.१६८ नं सुरू होणारे, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचे, पत्ते सरसकट गाळू नका.

बिट्स या विंडोजच्या मागं चालणाऱ्या डाउनलोड सेवेतून केलेलं डाउनलोड मात्र अगदी सहज निसटतं. बिट्सअ‍ॅडमिननं फाइल मागवली तरी प्रत्यक्ष नेटवर जातो तो एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम), आणि एसव्हीसीहोस्ट तर दिवसभर अपडेटसाठी जातच असतो, त्यामुळं सिसमॉनच्या कनेक्शनमध्ये काही वेगळं दिसणार नाही. त्यासाठी बिट्स-क्लायंटचा ऑपरेशनल लॉग उघडा आणि इव्हेंट ५९ बघा, त्यात यूआरएल लिहिलेली असते. अशी कामं रीस्टार्टनंतरही चालू राहतात, म्हणून जुन्या नोंदी पण चाळा.

संशय पक्का झाला तर पीसी बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, लॉग सेव्ह करून पेनड्राइव्हवर घ्या, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. कंपन्यांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश पण आहे, घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे, तेव्हा मालकाला हे आधीच सांगून ठेवा.

आणि ज्या पीसीवर फक्त बिलिंग होतं तिथं एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट, सीस्क्रिप्ट आणि सर्टयुटिलला विंडोज फायरवॉलच्या आउटबाउंड (बाहेर जाणाऱ्या कनेक्शनच्या) रूलमधून ब्लॉकच करून टाका. आधी एका पीसीवर आठवडाभर चालवून बघा, डिजिटल सिग्नेचरचं काम अडत नाहीये ना याची खात्री करा, मगच बाकीच्यांवर लावा. एसव्हीसीहोस्टला हात लावू नका, अपडेट बंद पडतील. रूल करताना सिस्टम३२ सोबत सिसवॉव६४ फोल्डरमधल्या फाइलचाही वेगळा रूल लागतो, कारण ६४ बिट विंडोजमध्ये यातल्या बहुतेक टूल्सची एक कॉपी तिथं पण असते.