रुबिडियमच्या वाफेत ईआयटीची खिडकी कशी मिळवावी

रुबिडियमची वाफ ज्या तरंगलांबीचा प्रकाश एरवी शोषून घेते, तिथेच सोबत जोरकस कंट्रोल किरण सोडला की क्षीण प्रोब किरण बऱ्याच अंशी सहीसलामत पार होतो. उत्तेजित पातळीकडे जाणाऱ्या दोन वाटांचे विनाशक व्यतिकरण होते आणि शोषण थांबते. हीच विद्युतचुंबकीय प्रेरित पारदर्शकता, म्हणजे ईआयटी.

दोन स्वतंत्र लेसर घेऊ नका. प्रत्येकाची फेज आपापली भरकटते आणि खिडकी त्यांच्या बीटइतकी (दोघांच्या वारंवारतांमधल्या डळमळत्या फरकाइतकी) रुंद होते. 795 नॅनोमीटरचा एकच डायोड लेसर रुबिडियम-87 च्या डी1 रेषेवर, एफ=2 ते एफ′=1 या संक्रमणावर (एफ म्हणजे अणूच्या ऊर्जा-उपपातळीचा क्रमांक, ′ ची खूण उत्तेजित पातळीची), लॉक करा आणि त्याचे दोन भाग करा. दोन्ही भाग 80 मेगाहर्ट्झच्या एओएममधून (ध्वनिलहरींनी प्रकाशाची वारंवारता सरकवणाऱ्या उपकरणातून) न्या. प्रोबचा एओएम ±500 किलोहर्ट्झ स्कॅन करायचा, कंट्रोलचा स्थिर ठेवायचा.

किरणांचा व्यास 2-3 मिलिमीटर, कंट्रोल 1 मिलिवॅट, प्रोब 50 मायक्रोवॅट इथून सुरुवात करा. सेलआधीच्या (सेल म्हणजे रुबिडियमची वाफ भरलेली काचेची कुपी) क्वार्टर-वेव्ह प्लेटने दोघांना विरुद्ध वर्तुळाकार ध्रुवण द्या. सेलनंतर तशीच दुसरी प्लेट आणि पोलरायझिंग बीमस्प्लिटर लावून फक्त प्रोब फोटोडायोडवर घ्या.

सेल 50 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. खिडक्या बाकी सेलपेक्षा थोड्या गरम हव्यात, नाहीतर धातू काचेवरच साचतो. हीटरचा प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो, म्हणून वाचन घेताना तो बंद करा.

इतके करूनही खिडकी दिसत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष चुंबकीय क्षेत्राचा असतो. इथे 1 गॉसला रेझोनन्स, म्हणजे खिडकीची जागा, 1.4 मेगाहर्ट्झ सरकतो. म्हणजे पृथ्वीचे अर्धा गॉस क्षेत्रच तो स्कॅनबाहेर ढकलू शकते. आडवे क्षेत्र तर डार्क स्टेटच, म्हणजे अणूची प्रकाश न शोषणारी स्थितीच, बिघडवते. म्यू-मेटलचे (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे) कवच लागतेच, शक्यतो तिहेरी.

दुसरा संशयित किरणांमधला कोन. दोन्ही एकाच दिशेने, एकमेकांवर नेमके बसलेले हवेत. 1 मिलिरेडियनची चूकसुद्धा डॉप्लरमुळे खिडकी सुमारे 200 किलोहर्ट्झने रुंदावते. सेलच्या आधी आणि दोनेक मीटर पुढे, दोन्हीकडे ठिपके जुळतात का ते पाहा.

खिडकी उथळ राहिली तर बरेच अणू एफ=1 पातळीत गळत आहेत असे समजा. तिथून त्यांना परत आणायला वेगळा रिपंप लेसर लागेल.

शोषणात मिळालेली खाच निव्वळ संपृक्ततेची (जोरकस प्रकाशामुळे अणूंचे शोषण कमी झाल्याची) नाही ना, हे रुंदीवरून कळते. नैसर्गिक रेषारुंदी 5.75 मेगाहर्ट्झ आहे, संपृक्ततेची खाच त्याहून अरुंद होत नाही. मग कंट्रोलची शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करत रुंदीचा आलेख काढा. शून्य शक्तीकडे वाढवलेली रेषा जिथे अक्षाला छेदते, तेवढी रुंदी उरलेले क्षेत्र, कोन आणि किरणातून निसटणारे अणू यांची असते.