गाडी ८० च्या वर गेली की मिस मारते? आधी कार्बोरेटर खोलू नका

गोव्यात आमच्या घरी बाबांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, फोंडा मार्केटपर्यंत एकदम गुणी, पण वेर्णेच्या सरळ रस्त्यावर ८० ला टेकली की फट फट करून धक्के द्यायची. मेस्त्रीने दोनदा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलला, दोन्ही वेळा दोन दिवस बरी चालली आणि परत तेच. म्हणून सांगतो, पाना हातात घ्यायच्या आधी एवढंच ठरवा की कमी काय पडतंय, पेट्रोल की करंट, म्हणजे प्लगची ठिणगी.

धक्का कसा येतो ते बघा. करंटचा असेल तर ठरावीक स्पीडला झटकन येतो, कडक. पेट्रोलचा असेल तर चार-पाच सेकंद जोरात ओढते मग हळूहळू जीव सोडते, पाय काढला की परत शुद्धीवर येते.

आता चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका. मागे गाड्या नाहीत ते बघून, मिस मारत असतानाच चोक अर्धा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय हे जवळजवळ नक्की. बिघडली किंवा काहीच फरक नाही तर करंटकडे वळा. आमची अनमोड घाटाच्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये मरत होती, चोक ओढल्याबरोबर उठली!

पेट्रोलवाल्यांनी टाकीपासून पुढे यायचं, उलटं नाही. मिस मारल्यावर लगेच थांबून टाकीचं झाकण उघडा, सुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. मग फिल्टर, पंप, रबरी पाईप (इथेनॉलच्या पेट्रोलने जुने पाईप आतून फुगतात) आणि शेवटी कार्बोरेटरमधले फ्लोट, मेन जेट. हे खोलताना इंजिन थंड असू द्या, जवळ सिगारेट नको. मी फिल्टर उजेडात धरला तर आत डिचोलीच्या खाणीसारखी लाल माती, म्हणजे टाकीचा गंज. अख्खा पावसाळा गाडी अर्ध्या टाकीने शेडमध्ये, आतल्या दमट हवेचं पाणी होऊन पत्रा खाल्लेला. कार्बोरेटर साफ केला की दोन दिवस बरं का वाटायचं ते तेव्हा कळलं, मागून कचरा येतच होता.

करंटवाल्यांनी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) गॅप फिलर गेजने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्ट्यांनी बघा, बहुतेक जुन्या गाड्यांना ०.४ ते ०.५ मिमी लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल. पॉइंटची स्प्रिंग ढिली असेल तर जास्त आरपीएमला पॉइंट नाचतात, स्लो स्पीडला पत्ताच लागत नाही. पॉइंट लवकर जळत असतील तर पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर बदला, स्वस्त आहे, उगाच विचार करत बसू नका. प्लगचा गॅप वाढलेला असेल तरी लोडवर मिस मारते. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या वायरी रात्री लाईट बंद करून इंजिन चालू ठेवून बघा, आमच्या खाऱ्या दमट हवेत निळ्या ठिणग्या लगेच दिसतात, फक्त हात लावू नका.

दोन्हीकडे काही सापडलं नाही तर व्हॉल्व्ह स्प्रिंग, पण ते मेस्त्रीचं काम.

मी टाकी उतरवून धुतली, नवा फिल्टर घातला. आता मे संपायच्या आत टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो.