दुसरा राउटर जोडून घरभर वाय-फाय पोहोचवण्याची पद्धत

कोकणातील चिऱ्याच्या घरात फायबरची जोडणी बहुधा ओटीवर येते, कारण खांबावरून आलेली वायर तिथपर्यंत आणणे सोपे असते. ओटीवर आणि फार तर माजघरात नेट उत्तम चालते. स्वयंपाकघराच्या पलीकडे, मागच्या पडवीत मात्र मोबाइलवर एखादी दांडी दिसते आणि व्हिडिओ कॉल अडखळतो. प्रत्येक जाड भिंत ओलांडताना लहरी क्षीण होतात, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर क्षीण होतात. शहरातल्या आरसीसी फ्लॅटमध्येही हॉलमधला राउटर शेवटच्या बेडरूमला पुरत नाही, तो याच कारणाने. अशा वेळी कपाटात पडून असलेला जुना राउटर कामी येतो; मात्र त्याला राउटर म्हणून काम करू द्यायचे नाही, त्याने फक्त वाय-फाय पसरवायचे, ही या साऱ्या जोडणीतली मुख्य गोष्ट आहे.

खर्च करण्यापूर्वी पहिल्या राउटरची जागा तपासावी. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजच्या आडोशाला ठेवलेला राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीवर आणला तरी पुष्कळदा एका खोलीचा प्रश्न सुटतो. मोबाइलवर वाय-फाय मोजणारे एखादे मोफत अ‍ॅप घेऊन प्रत्येक खोलीत आकडा पाहावा: उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककाच्या) आसपास सिग्नल उत्तम समजावा, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो आणि उणे ७५ च्या खाली गेल्यास त्या खोलीसाठी वेगळी सोय करावी लागते.

बाजारात मिळणारा, भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा रिपीटर हा सोपा उपाय वाटतो. परंतु साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका रेंज संपते तिथे लावतात, म्हणजे मुळातच मोडकातोडका आलेला सिग्नल तो इमानाने पुढे पाठवत राहतो. एकदा दोन राउटरमध्ये केबल ओढण्याचा त्रास पत्करला, तर हा प्रश्न उरत नाही.

केबल कॅट ६ किंवा निदान कॅट ५ई प्रतीची, शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण ती लवकर तुटते. एका जोडणीची लांबी १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा घरात लांबीची अडचण येत नाही. अडचण येते ती उंदरांची. माळ्यावरून केबल न्यायची असल्यास ती पीव्हीसी पाइपातून, आणि भिंतीवरून न्यायची असल्यास केसिंग पट्टीतून न्यावी, मात्र विजेच्या तारांच्या पाइपात ती घालू नये. टोकांना प्लग बसवताना आठ तारांचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. यातल्या निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नाही, तर नेट चालते पण वेग १०० एमबीपीएसवर अडकतो आणि दोष मात्र राउटरला दिला जातो. अर्थात पुष्कळ जुन्या राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतात. घरातला प्लॅन त्याहून मोठा असेल, तर पडवीत पूर्ण वेग मिळणार नाही, हे आधीच जाणून असावे.

आता सेटिंग. मुख्य राउटरला अजून हात लावू नये. दुसरा राउटर एकटाच चालू करून त्याच्या रिसेटच्या छिद्रात सुमारे दहा सेकंद टाचणी दाबून धरावी आणि लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन (म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या) पोर्टला जोडावा. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाकून आत गेल्यावर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (नुसते वाय-फाय पुरवण्याचा) असा पर्याय दिसला, तर तो निवडावा आणि वाय-फायचे नाव व पासवर्ड भरावा. पुढची बरीचशी यातायात वाचते. जुन्या राउटरमध्ये हा पर्याय सहसा नसतो. तिथे पुढील कामे क्रमानेच करावी लागतात, कारण क्रम चुकला तर राउटरचे पान पुन्हा उघडेनासे होते.

प्रथम वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरप्रमाणेच हुबेहूब भरावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि एईएस हा जोड निवडावा. एईएसऐवजी जुना टीकेआयपी निवडल्यास वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून मुख्य राउटर १ वर असेल तर दुसरा ६ किंवा ११ वर ठेवावा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच असू द्यावी. त्यानंतर राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तो शेवटचा आकडा १०० ते २०० असलेल्या पट्ट्यातले पत्ते उपकरणांना वाटत असेल, तर दुसऱ्याला पट्ट्याबाहेरचा १९२.१६८.१.२ द्यावा आणि तो स्टिकरशेजारी पेनाने लिहून ठेवावा. सर्वांत शेवटी, नव्या पत्त्यावर पुन्हा आत जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देण्याचे काम एकट्या मुख्य राउटरचे. दोघेही पत्ते वाटू लागले की कधी मोबाइल, कधी प्रिंटर असे कुणाचे ना कुणाचे नेट अधूनमधून बंद पडते आणि कारण सापडता सापडत नाही.

मग ओटीवरून आलेली केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टात खोचावी. वेगळ्या रंगाचे वॅन (बाहेरचे नेट आत घेणारे) पोर्ट रिकामे ठेवावे, हवे तर त्यावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे साफसफाईच्या वेळी केबल निघाली तरी ती चुकीच्या जागी परत बसणार नाही. दोन राउटरमध्ये केबल एकच असावी. जास्तीची दुसरी जोडल्यास तेच ते संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सारे घर ठप्प होते.

पडवीत मोबाइल जोडून वाय-फायच्या तपशिलात गेटवे, म्हणजे नेटकडे जाण्याच्या दाराचा पत्ता, पाहावा: तिथे मुख्य राउटरचा पत्ता दिसला, तर जोडणी बरोबर झाली. ओटीवरून पडवीत चालत जाताना मोबाइल ओटीवरच्या मुख्य राउटरलाच चिकटून राहतो, अशी तक्रार पुष्कळांची असते. कोणता राउटर धरायचा हे मोबाइल स्वतः ठरवतो, राउटर नव्हे; तरीही मुख्य राउटरची प्रसारणशक्ती एक पायरी खाली आणल्यास तो लवकर सोडतो. ती सेटिंग मिळत नसेल, तर दुसरा राउटर आणखी थोडा लांब सरकवावा.

वीज गेल्यावर नेट चालू राहायला हवे असेल, तर दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्यावे लागतात. यूपीएस घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट पाहावेत, कारण काही राउटर १२ व्होल्टचे, तर काही ९ चे असतात. अंगणापलीकडच्या वेगळ्या खोलीत नेट न्यायचे असेल, तर तांब्याची केबल उघड्यावरून नेण्यापेक्षा फायबर टाकून घेणे श्रेयस्कर, कारण जवळपास वीज पडली तर तांब्यातून येणारा झटका दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतो. घरातल्या घरात हा धोका कमी असला, तरी वळवाच्या पावसात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच दोन्ही अ‍ॅडॉप्टर प्लगमधून आणि मधली केबल पोर्टातून काढून ठेवावी.