शटरचा रिमोट हरवला? आधी जुना पुसा

शटरचा रिमोट हरवला की लोक विचारतात, नवा केवढ्याला पडेल? मी आधी विचारतो, हरवला कुठे? रेल्वेत पडला तर गोष्ट वेगळी. पण दुकानाशेजारच्या टपरीवर राहिला असेल, तर ज्याच्या हाती लागला त्याला शटर कुठलं तेही ठाऊक आहे. नवा जोडला म्हणून जुना बंद पडत नाही, दोन्ही चालतात. ठाण्यात वागळे इस्टेट ते घोडबंदर, रोज हेच सांगत फिरतो.

रिमोटची ओळख रिसिव्हरला, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या सर्किटला असते, म्हणून काम मोटरच्या डब्यापाशी. एमसीबी पाडा, मगच झाकण उघडा. आत २३० व्होल्ट असतात. सर्किटवर ‘लर्न’चं बारीक बटण आणि शेजारी लाइट दिसेल. जागा नीट पाहून ठेवा, एमसीबी वर करा आणि बटण कोरड्या प्लॅस्टिक पेनच्या टोकाने दाबा. बोट किंवा स्क्रूड्रायव्हर आत घालू नका. डबा उंचावर असेल किंवा हात धजावत नसेल, तर फिटरला बोलवा.

बटण दाबून सोडलं की लाइट लागतो. लगेच नव्या रिमोटचं बटण दाबा. लाइट लुकलुकला की झालं. काही किटांना (रिमोट-रिसिव्हरच्या संचांना) रिमोट दोनदा दाबलेला लागतो. शटरखाली किंवा गेटच्या वाटेत कुणी नको, पुढच्याच दाबाला मोटर फिरते.

पण नवा जोडण्याआधी जुना पुसायचा, त्याला तेच बटण दाबून धरायचं. बऱ्याच किटांत आठ-दहा सेकंदांनी लाइट विझतो आणि रिसिव्हर सगळेच रिमोट विसरतो. अशा किटांत हरवलेला एकटा वेगळा काढता येत नाही, पुसल्यावर सगळे पुन्हा जोडावे लागतात. म्हणून आधी घराघरातले रिमोट गोळा करा. चरईतल्या एका सोसायटीत मी घाई केली, दोन रिमोट यायचे होते तरी पुसून मोकळा झालो. रात्री साडेअकराला एक ताई दोन मुलांना घेऊन भर पावसात गेटबाहेर उभ्या होत्या, रिमोट दाबत. वॉचमनने चावीने मोटर सोडवून गेट हाताने ढकललं. तेव्हापासून मी प्रत्येक रिमोटच्या पाठीवर मार्करने नंबर घालतो, वहीत फ्लॅट लिहितो आणि आकडा जुळल्याशिवाय लर्नला हात लावत नाही.

बाजारात समोरासमोर धरून कॉपी करणारे रिमोट मिळतात. ते बहुतेक फक्त फिक्स कोडच्या, म्हणजे दर दाबाला तोच कोड पाठवणाऱ्या, रिमोटची कॉपी करतात. काही जुन्या रिमोटमध्ये चालू-बंदचे आठ छोटे स्विच असतात, त्यांच्या जोड्या होतात फक्त २५६. अशा शटरवर दुकान सोडू नका, रिसिव्हरच बदलून घ्या. रोलिंग कोडमध्ये दर दाबाला कोड बदलतो, त्याची कॉपी कामाची नाही. असा रिमोट पोरांनी घरी बसून खूप वेळा दाबला, तर रिसिव्हर मागे पडतो. बहुतेकदा शटरसमोर लागोपाठ दोनदा दाबलं की परत जुळतो.

रेंज कमी झाली तर आधी सेल पाहा, बऱ्याच रिमोटमध्ये १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए असतो. वाशी-ऐरोलीकडे खाडीच्या हवेने रिमोटमधली सेलची स्प्रिंग हिरवी पडते, ती खोडरबराने घासली तरी पुष्कळदा काम होतं.

सगळे रिमोट जोडून झाले की एकेक दाबून बघा. गेट असेल तर मोटर सोडवायची चावी वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगा आणि एकदा त्याच्याच हाताने फिरवून घ्या.