परदेशात कासवांसाठी वॉलंटियरिंग? आधी वेळासला राहून बघा

कोस्टारिकाच्या तोर्तुगेरोला, म्हणजे कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर, जायचं डोक्यात असेल ना, तर आधी मार्चमध्ये आपल्या कोकणातल्या वेळासला चार दिवस काढा, पहाटे हॅचरीत, म्हणजे कासवांची अंडी जपून पुरलेल्या कुंपणात, घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलायची नि खाली बऱ्याचदा नुसती वाळूच असते, ते रिकामं बघणं जमलं तर पुढचं जमेल. तिकडे हिरव्या कासवांचा सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे आपला पावसाळा, त्यामुळे एकाच वर्षात वेळास नि तोर्तुगेरो दोन्ही होतं. व्हिसाचं मात्र संस्थेला लेखी विचारा, टुरिस्ट व्हिसावर असली कामं सगळीकडे चालत नाहीत.

रात्री किनाऱ्यावर कासवं शोधत फिरायच्या गस्तीला गडद कपडे, लाल टॉर्च, मोबाईल खोलीवरच. थोडं स्पॅनिश शिकून जा.

पहिला आठवडा एकटं वाटतंच, मला तर रडू आलेलं. मग सरळ स्वयंपाकघरात घुसायचं! तिथे सकाळी गायो पिंतो, म्हणजे भातात परतलेला काळा राजमा. मी नेलेल्या आमसुलांचं सार केलं, घरमालकीणबाईंनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं नि दुसरी वाटी स्वतःच ओतून घेतली, त्या दिवसापासून गस्तीवरून परत आलो की त्या दारात गप्पा मारायला थांबायच्या, माझं स्पॅनिश ऐकून हसायच्या पण थांबायच्या.