घरच्या लॅबमध्ये दोन राउटरमधली सिरीयल लिंक जुळत नसेल तर दोष कसा शोधावा

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात फेब्रुवारी २०२० मध्ये बदल झाला आणि पीपीपीसारखे (दोन टोकांमधल्या लिंकवर डेटा बांधून पाठवण्याची एक पद्धत) सिरीयल लिंकचे विषय त्यातून गळाले. तरीही ज्यांच्या घरी सिस्कोचे १८४१ किंवा २८११ असे जुने राउटर आहेत, त्यांनी एखादी सिरीयल केबल जोडून पाहावीच, असे माझे मत आहे. नेटवर्कमधला दोष थरांच्या क्रमाने, म्हणजे आधी तार, मग फ्रेम (तारेवरून जाणारी डेटाची पुडकी) आणि शेवटी पत्ता अशा रीतीने कसा शोधायचा, हे शिकवणारी याहून सोपी मांडणी मिळणे कठीण आहे. लिंक चालत नाही म्हटल्यावर अनेक जण आयपी पत्ते बदलतात, राउटिंग काढून पुन्हा टाकतात, राउटर बंद-चालू करतात, आणि मूळ दोष एखाद्या न दिलेल्या ‘नो शटडाउन’ या, इंटरफेस चालू करणाऱ्या कमांडमध्ये तसाच पडून राहतो. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

उदाहरणासाठी दोन राउटर घेऊ. त्यांची नावे ‘पुणे’ आणि ‘नाशिक’. दोन्हींमध्ये सिरीयल कार्ड बसवलेले आहे आणि दोन्हीकडचा इंटरफेस सिरीयल ०/०/० आहे. पुण्याच्या बाजूला १९२.१६८.१२.१ आणि नाशिकच्या बाजूला १९२.१६८.१२.२ असा पत्ता आहे, आणि दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.२५२ आहे.

पहिली पायरी: दोन्ही टोकांची स्थिती वाचणे

कन्सोलवरून, म्हणजे राउटरच्या कन्सोल पोर्टला जोडलेल्या संगणकावरून, दोन्ही राउटरवर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ ही कमांड द्यावी. उत्तरातील शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे आहेत. पहिला रकाना, स्टेटस, तारेची आणि विद्युत संकेतांची स्थिती सांगतो. दुसरा रकाना, प्रोटोकॉल, त्या तारेवरून दोन राउटर एकमेकांशी बोलत आहेत की नाहीत हे सांगतो. एकाच टोकावरचे उत्तर पाहून निष्कर्ष काढू नये, कारण काही दोष दोन्ही बाजूंना वेगवेगळे दिसतात आणि तो फरक हाच त्या दोषाचा सर्वांत चांगला पुरावा असतो.

यादीत सिरीयल इंटरफेसच नसेल तर राउटरने कार्ड ओळखलेले नाही. ‘शो इन्व्हेंटरी’ किंवा ‘शो डायग’ या कमांडने ते पक्के करता येते. कार्ड काढून पुन्हा बसवण्यापूर्वी राउटरची वीज पूर्ण बंद करावी, कारण या मालिकेतील छोटी कार्डे चालू यंत्रात काढण्या-घालण्यासाठी बनवलेली नाहीत.

स्टेटसमध्ये ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असे दिसले तर शोधण्यासारखे काहीच उरत नाही. सिस्को राउटरचे इंटरफेस मुळातच बंद असतात, त्यामुळे त्या इंटरफेसवर जाऊन ‘नो शटडाउन’ द्यावे.

दोन्ही रकान्यांत ‘डाउन’ असेल तर

याचा अर्थ समोरून विद्युत संकेतच येत नाहीत. येथे सर्वांत आधी दुसऱ्या राउटरवर जाऊन तिथला इंटरफेस बंद तर नाही ना, हे पाहावे. नाशिकचा इंटरफेस शटडाउन अवस्थेत असेल तर पुण्याला तो ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असा दिसत नाही. पुण्याला आपली लिंक नुसतीच ‘डाउन’ दिसते आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

तिथे सर्व ठीक असेल तरच केबलकडे वळावे. डब्ल्यूआयसी-१टी या कार्डाला साठ पिनांचा मोठा जोड लागतो आणि डब्ल्यूआयसी-२टी या कार्डाला स्मार्ट सिरीयल नावाचा लहान जोड लागतो. जुन्या बाजारातून केबल घेताना हा फरक नजरेतून सुटला, तर केबल घरी आल्यावर एका टोकाला बसतच नाही. जोड बसत नसल्यास जोर लावू नये. टॉर्चच्या उजेडात आतल्या पिना पाहाव्यात, कारण एखादी पिन वाकलेली असली तरी लिंक पूर्ण मरते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अधूनमधून चालते. दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने घट्ट करावेत, कारण ही केबल जड असते आणि स्वतःच्या वजनानेच सैल होऊन लोंबकळते.

त्यानंतर ‘शो इंटरफेसेस सिरीयल ०/०/०’ द्यावे आणि अगदी शेवटच्या ओळी पाहाव्यात. तिथे डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस आणि सीटीएस हे पाच संकेत आणि त्यांची ‘अप’ किंवा ‘डाउन’ अशी स्थिती दिलेली असते. पाचही ‘अप’ असतील तर तारेवरचे संकेत जुळले आहेत असे समजून पुढे जावे.

‘अप’ आणि ‘डाउन’: खरी परीक्षा येथे आहे

स्टेटस ‘अप’ पण प्रोटोकॉल ‘डाउन’ ही घरच्या लॅबमधली सर्वांत जास्त छळणारी अवस्था आहे. तिची मुख्य कारणे चार: क्लॉक (बिट पाठवण्याचा ताल) नसणे, दोन्हीकडचे एन्कॅप्सुलेशन (फ्रेम बांधण्याची पद्धत) वेगळे असणे, कीपअलाइव्ह (लिंक जिवंत असल्याचे ठरावीक वेळाने जाणारे संदेश) एका बाजूने बंद असणे आणि पीपीपीची ओळख-तपासणी फसणे. त्याच क्रमाने पाहू.

खऱ्या सिरीयल जोडणीत बिट कोणत्या वेगाने पाठवायचे हे दूरसंचार कंपनीचे उपकरण ठरवते आणि राउटर त्या तालावर चालतो. ताल देणारी बाजू डीसीई आणि घेणारी बाजू डीटीई. घरी मधली कंपनीच नसल्यामुळे दोनपैकी एका राउटरला ते काम करावे लागते. ते कोणी करायचे हे आपण ठरवत नाही, केबल ठरवते. केबलच्या ज्या टोकावर डीसीई असे छापलेले असते, ते टोक ज्या राउटरला लागले त्या राउटरने क्लॉक द्यायचा. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सराव-सॉफ्टवेअरवर सराव करणाऱ्यांना तारेच्या त्या टोकाशी घड्याळाचे छोटे चिन्ह दिसते.

छापील अक्षरे पुसली असतील किंवा केबल कपाटामागे गेली असेल तर ‘शो कंट्रोलर्स सिरीयल ०/०/०’ ही कमांड द्यावी. उत्तर पानेच्या पाने येते, पण हवी असलेली ओळ सुरुवातीच्या काही ओळींतच असते. डीसीई बाजूला ‘डीसीई व्ही.३५, क्लॉक रेट ६४०००’ अशा धर्तीची ओळ दिसते. डीटीई बाजूला क्लॉक पोहोचत असेल तर ‘डीटीई व्ही.३५’ याच्यापुढे दोन्ही दिशांचे क्लॉक सापडल्याचे लिहिलेले असते आणि पोहोचत नसेल तर क्लॉक थांबल्याचे लिहिलेले असते. ती ओळ मिळाली की पुढचे उत्तर न वाचता बाहेर पडावे. माझ्या मते सिरीयल दोषांच्या शोधात या एका ओळीइतके कामाचे दुसरे काही नाही, आणि नवशिके नेमकी हीच कमांड विसरतात.

डीसीई राउटरच्या इंटरफेसवर ‘क्लॉक रेट ६४०००’ द्यावे. हा आकडा प्रति सेकंद बिटांचा आहे आणि तो मनाला येईल तसा चालत नाही. ‘क्लॉक रेट’नंतर प्रश्नचिन्ह दिले की त्या कार्डाला मान्य असलेल्या वेगांची यादी मिळते. हीच कमांड चुकून डीटीई बाजूवर दिली तर ती फक्त डीसीई इंटरफेससाठी आहे, अशा अर्थाचा संदेश येतो. तो संदेश आला तर वाईट वाटून घेऊ नये, कोणती बाजू कोणती हे त्याने फुकटात सांगितलेले असते. आयओएस या सिस्को राउटरच्या कार्यप्रणालीच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये काही कार्डांवर २०००००० हा वेग आपोआप धरला जातो, त्यामुळे क्लॉक न देताही लिंक चालू झाली तर त्यात गूढ काही नाही.

येथे एक घोळ नेहमी होतो. ‘बँडविड्थ’ या कमांडने लिंकचा वेग बदलत नाही. ती फक्त राउटिंग प्रोटोकॉलला हिशेबासाठी आकडा पुरवते, आणि तो आकडा हजार बिटांत असतो. सिरीयल इंटरफेसवर तो मुळात १५४४ असतो, म्हणून ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल अशा लिंकची किंमत (मार्ग निवडताना मोजायचा आकडा) ६४ धरतो. क्लॉक रेट ६४००० दिल्यावर बँडविड्थही ६४ दिली तर ती किंमत १५६२ होते. वेग मात्र पहिल्याच कमांडने ठरलेला असतो.

क्लॉक पोहोचत असूनही प्रोटोकॉल ‘डाउन’ राहिला तर दोन्हीकडे ‘शो इंटरफेसेस’ देऊन ‘एन्कॅप्सुलेशन’ हा शब्द शोधावा. सिस्को राउटरवर काहीच न ठरवल्यास एचडीएलसी ही पद्धत असते. एका बाजूला पीपीपी आणि दुसऱ्या बाजूला एचडीएलसी असेल तर दोघांनाही एकमेकांच्या फ्रेम समजत नाहीत. सिस्कोची एचडीएलसी तिच्या स्वतःच्या घडणीची असल्यामुळे समोरचा राउटर दुसऱ्या कंपनीचा असेल तर दोन्हीकडे पीपीपीच ठेवणे शहाणपणाचे आहे. एन्कॅप्सुलेशन बदलल्यावर लगेच निर्णय देऊ नये. एचडीएलसीवर राउटर दर १० सेकंदांनी कीपअलाइव्ह संदेश पाठवतो आणि ओळीने तीन संदेश हुकले की लिंक पडली असे मानतो, त्यामुळे चुकीची जोडणीसुद्धा काही काळ ‘अप’ दिसू शकते. कोणताही बदल केल्यावर किमान अर्धा मिनिट थांबून मगच पुन्हा पाहावे.

याच कीपअलाइव्हमुळे एक गमतीदार दोष तयार होतो. एचडीएलसी असताना पुण्यावर कोणी ‘नो कीपअलाइव्ह’ दिले असेल तर पुण्याला लिंक ‘अप’, ‘अप’ दिसते आणि नाशिकला ती ‘अप’, ‘डाउन’ दिसते. दोन टोकांनी अशी उलटसुलट साक्ष दिली की थेट कीपअलाइव्हवरच संशय घ्यावा. खात्री हवी असेल तर ‘डिबग सिरीयल इंटरफेस’ चालवावे. प्रत्येक ओळीत ‘मायसीक’ म्हणजे आपण पाठवलेला क्रमांक आणि ‘माइनसीन’ म्हणजे समोरच्याने पाहिलेला आपला क्रमांक असतो. दोन्ही सोबत वाढत असतील तर लिंक निरोगी आहे. ‘मायसीक’ पुढे जात राहिला आणि ‘माइनसीन’ एका जागी अडकला, तर आपले संदेश पलीकडे पोहोचत नाहीत किंवा त्यांना उत्तर मिळत नाही. काम झाल्यावर ‘अनडिबग ऑल’ द्यायला विसरू नये.

पीपीपीसोबत चॅप ही पासवर्डने ओळख तपासण्याची पद्धत लावली असेल तर वापरकर्त्याचे नाव कोणते द्यायचे येथे बहुतेकांची गल्लत होते. पुण्याच्या राउटरवर वापरकर्ता म्हणून समोरच्या राउटरचे नाव, म्हणजे ‘नाशिक’, लिहायचे असते आणि नाशिकच्या राउटरवर ‘पुणे’. पासवर्ड मात्र दोन्हीकडे एकच असावा लागतो आणि त्यात लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक मोजला जातो. मध्येच कोणी ‘होस्टनेम’ बदलले तर कालपर्यंत चालणारी लिंक दुसरे काहीही न बदलता पडते. ‘शो इंटरफेसेस’मध्ये ‘एलसीपी ओपन’ (पीपीपीची जोडणी जुळल्याची खूण) असे दिसत नसेल तर ‘डिबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ चालवून इंटरफेस एकदा बंद करून चालू करावा. तपासणी कोणत्या नावावर फसली, हे तिथे स्पष्ट दिसते.

दोन्हीकडे ‘अप’, ‘अप’, तरीही पिंग होत नाही

पिंग म्हणजे पलीकडून उत्तर येते का हे पाहणारी चाचणी. आता तारेला हात लावण्याचे कारण उरलेले नाही. एचडीएलसी आयपी पत्त्यांकडे पाहत नाही, त्यामुळे पत्ते पूर्ण चुकलेले असले तरी लिंक खुशाल ‘अप’ राहते. ‘शो सीडीपी नेबर्स डिटेल’ ही कमांड येथे फार उपयोगी पडते, कारण ती आयपीशिवाय चालते आणि समोरच्या राउटरचे नाव व पत्ता आपल्याच पडद्यावर आणून देते.

आपल्या मास्कमध्ये चार-चार पत्त्यांचे गट पडतात. १९२.१६८.१२.० पासून ३ पर्यंतच्या गटात १ आणि २ हे दोनच पत्ते राउटरना देता येतात. ३ द्यायला गेल्यास राउटरच ‘बॅड मास्क’ म्हणून नाकारतो, पण ५ किंवा ६ तो आनंदाने घेतो, कारण ते पुढच्या गटातले वैध पत्ते आहेत. पीपीपी असेल तर आणखी एक फसवणूक संभवते. पीपीपी समोरच्या टोकाच्या पत्त्याचा थेट मार्ग स्वतःच राउटिंग तक्त्यात टाकते, त्यामुळे पत्ते वेगळ्या गटांतले असूनही पिंग यशस्वी होते आणि चूक पुढे ओएसपीएफ शेजार जुळवत नाही तेव्हाच उघडी पडते. राउटर-राउटर पिंग होत असेल आणि मागच्या संगणकावरून होत नसेल तर तो सिरीयल लिंकचा प्रश्न नाही. तेव्हा राउटिंग तक्ता आणि संगणकाचा गेटवे पाहावा.

लिंक चालते पण अडखळते

अशा वेळी ‘क्लिअर काउंटर्स’ने जुने आकडे पुसून थोडी रहदारी जाऊ द्यावी आणि मग ‘शो इंटरफेसेस’मधील ‘इनपुट एरर्स’ (आलेल्या फ्रेममधल्या चुका), ‘सीआरसी’ (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) आणि ‘कॅरिअर ट्रान्झिशन्स’ (संकेत किती वेळा तुटला-जुळला) पाहावेत. जुने आकडे न पुसता वाचले तर महिन्यापूर्वीची चूक आजची वाटते. इनपुट एरर्स एकूण रहदारीच्या १ टक्क्याहून जास्त असतील तर ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. विस्तारित पिंग (आकार आणि मजकूर आपण ठरवू शकतो असे पिंग) वापरून १५०० बाइटची पाकिटे पाठवावीत आणि डेटा पॅटर्न एकदा सगळी शून्ये, एकदा सगळे एक असा द्यावा. क्लॉक रेट कमी केल्यावर चुका थांबल्या तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा तिच्या जोडात आहे. केबल बदलूनही चुका तशाच राहिल्या तर कार्डाची अदलाबदल करून पाहावी.

सर्व जुळल्यावर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ द्यावे. ते देऊनही राउटर पुन्हा चालू केल्यावर सगळे इंटरफेस बंद दिसले आणि नावही गेलेले असले, तर ‘शो व्हर्जन’ची शेवटची ओळ वाचावी. जुने राउटर विकण्यापूर्वी त्यांचा पासवर्ड काढून टाकतात आणि त्या कामासाठी कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटर कसा सुरू व्हावा हे ठरवणारा आकडा) ०एक्स२१४२ असे ठेवावे लागते. ते तसेच राहिले तर राउटर साठवलेले कॉन्फिगरेशन सुरू होताना वाचतच नाही. अशा वेळी आधी ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग’ने साठवलेले परत आणावे, वापरायच्या प्रत्येक इंटरफेसवर ‘नो शटडाउन’ द्यावे, ‘कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२’ द्यावे आणि मग पुन्हा साठवावे.